मिनिटं मोजायची की काम बघायचं? लहान वर्गातल्या डिजिटल साधनांची पार्श्वभूमी

पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात टॅब द्यावा की नाही, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "दिवसाला एक तासाच्या वर नको." मग चर्चा त्या तासाभोवतीच फिरत राहते. वर्गात मूल त्या साधनाने काय करणार आहे, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून आधी या आकड्याचा माग काढायला हवा.

'स्क्रीन टाइम'ची भीती मुळात टीव्हीपासून सुरू झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली पालकांना सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नका. २०१३च्या धोरणात त्यांनी मोठ्या मुलांसाठी एक ते दोन तासांची मर्यादा घातली, पण ती 'करमणुकीच्या' स्क्रीन टाइमला होती. सल्ला तोंडोतोंडी पसरताना हा एकच शब्द गळाला आणि तिथून सगळा घोळ झाला. घरी कार्टून पाहण्यासाठी आखलेली मर्यादा गणिताच्या तासालाही लागू होऊ लागली.

२०१६ साली त्याच संघटनेने सल्ला बदलला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास, तोही चांगल्या दर्जाच्या कार्यक्रमांचा आणि शक्यतो मोठ्यांच्या सोबतीने. सहा वर्षांपासून पुढे मात्र आकडाच दिला नाही. झोप, खेळ, व्यायाम यांना धक्का लागणार नाही अशी मर्यादा घाला आणि ती पाळा, एवढंच सांगितलं. २०१९ साली जागतिक पातळीवर निघालेल्या मार्गदर्शक सूचनाही पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच होत्या. त्यांचा रोख बैठेपणावर होता: मूल एका जागी किती वेळ बसून राहतं, हलतं किती, झोपतं किती. म्हणजे प्राथमिकच्या वर्गात आपण ज्या तासाचा दाखला देतो, तो या वयासाठी या सूचनांमध्ये कुठेच नाही.

मिनिटं मोजण्यावर माझा मुख्य आक्षेप असा की त्या मोजणीत सगळे वापर सारखे दिसतात. एक मूल वीस मिनिटं रंगीत फुगे फोडत 'शाब्बास' ऐकतं. दुसरं स्वतःचं वाचन रेकॉर्ड करतं, ऐकतं, अडखळलेली ओळ ओळखतं आणि पुन्हा वाचतं. घड्याळाच्या लेखी दोघांचीही वीस मिनिटंच.

हा फरक जुनाच आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात संगणक लहान मुलांकडून गणिताचा आणि वाचनाचा सराव करून घेऊ लागला होता. संगणक प्रश्न टाकायचा, मूल उत्तर द्यायचं. १९६७ साली 'लोगो' ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आली आणि तिने हे उलटं केलं. इथे मूल आज्ञा द्यायचं. पुढे या भाषेला जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव जोडलं गेलं. १९७०च्या दशकात वाचता न येणाऱ्या मुलांनाही कासव चालवता यावं म्हणून बटणांची पेटी तयार झाली. त्यानंतरची बरीच वर्षं शाळांनी संगणक वेगळ्या खोलीत, वेगळ्या तासिकेत बंद करून ठेवले. लहान मुलांच्या वाट्याला त्यातून फारसं काही आलं नाही.

कासवाचे वंशज आजही वर्गात आहेत. पाठीवर बाणांची बटणं असलेला छोटा यंत्रमानव जमिनीवर आखलेल्या चौकटींवरून न्यायचा असतो. तो मुलाकडे तोंड करून उभा असला की मूल उजवीकडचा बाण दाबतं आणि यंत्र मुलाच्या डावीकडे वळतं. मूल गोंधळतं. मग उठतं, यंत्राच्या मागे जाऊन उभं राहतं, स्वतःचे खांदे वळवून बघतं आणि परत येऊन योग्य बाण दाबतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून दिशा ओळखणं फळ्यावर समजावणं फार कठीण आहे. यात पडदा नाही आणि बैठेपणही नाही.

२०१०नंतर टॅब आले आणि कीबोर्डची अडचण संपली. २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅचज्युनियर' हे अ‍ॅप आलं; त्यात चित्रांचे ठोकळे जोडून गोष्ट हलती करता येते. त्याआधी, २०१२ साली, बालशिक्षणातल्या व्यावसायिकांच्या एका मोठ्या संस्थेने भूमिका मांडली होती की साधन हेतुपूर्वक आणि मुलाच्या वाढीला साजेसं वापरावं. २०१५ साली काही संशोधकांनी शैक्षणिक अ‍ॅपसाठी चार कसोट्या सुचवल्या: मुलाची बुद्धी कामाला लागते का, लक्ष टिकतं का, काम अर्थपूर्ण आहे का आणि इतरांशी बोलणं होतं का. यात 'अर्थपूर्ण'चा अर्थ नेमका होता. नवी गोष्ट मुलाला आधी माहीत असलेल्याशी, त्याच्या जगण्याशी जोडली जायला हवी. आज हाच शब्द कुठल्याही अ‍ॅपच्या जाहिरातीत सापडतो, आणि शिक्षकांनी तो परत आपल्या ताब्यात घ्यायला हवा असं मला फार वाटतं.

२०२०च्या शाळाबंदीत विचाराला उसंतच मिळाली नाही. जे हाताशी होतं ते वापरलं गेलं. सहा वर्षांच्या मुलाने तासन्‌तास चौकटीतल्या चेहऱ्यांकडे बघत बसणं पालकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची प्रतिक्रिया पुढे उमटलीच. २०२३ साली स्वीडनने पूर्वप्राथमिकमधली डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचं ठरवलं आणि छापील पुस्तकं, हाताने लिहिणं यांवर भर दिला. मला हा निर्णय समजू शकतो, कारण सक्तीमुळे साधन आधी येतं आणि त्याला काम नंतर शोधलं जातं. पण तोच दाखला देऊन दुसरीच्या वर्गातलं ध्वनिमुद्रण बंद करणं चूक आहे. तिथे ते मूल तिसऱ्यांदा तीच ओळ वाचत असतं, कारण दुसऱ्यांदा ऐकताना आपला विराम चुकल्याचं त्याला स्वतःलाच कळलेलं असतं.