मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर

श्रावणात पंचगंगेच्या घाटावर शेवाळावरून आत्याचा पाय घसरला. तोल सावरायला तिनं हात पुढं टेकला आणि उजवं मनगट मोडलं. वय ५६. एक्स-रे, प्लास्टर, सहा आठवडे, मग बोटांचे व्यायाम. ती पुन्हा भाकरी थापू लागली आणि घरात विषय संपला. तो तिथं संपायला नको होता.

हे फ्रॅक्चर तसं जुन्या ओळखीचं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे नुसत्या बोटांनी चाचपून त्यांनी हे ओळखलं होतं. उपचाराबद्दल मात्र संशोधन अजून चालूच आहे. आपल्याकडं ‘तारा (हाड धरून ठेवायला आत घालतात त्या) घातल्या की काम पक्कं’ असं सर्रास म्हणतात. ब्रिटनमधल्या ३६ रुग्णालयांत हेच तपासलं गेलं. कातडी न कापता सरकलेलं हाड जागेवर बसवलेले ५०० रुग्ण घेतले. काहींना तारा, काहींना नीट घडवलेलं प्लास्टर, आणि कुणाला काय हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २०२२ मध्ये निकाल आला: वर्षानंतर दुखणं आणि हाताचं काम यांत म्हणावा असा फरक नाही. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठांतल्या एकाचं हाड पुन्हा सरकलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत ‘एक्स-रे काढायला परत या’ असं सांगतात, तो हेलपाटा टाळू नये.

पण मला खरी काळजी वाटते ती मोडलं का याची. मनगटाजवळ हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, हाड झिजण्याचा वेग भरून येण्यापेक्षा वाढतो, आणि ही जाळी आधी विरळ होते. पन्नाशीत पडताना हात वेळेवर पुढं येतो, म्हणून मनगट जातं. पंचाहत्तरीत हात पोचत नाही. माणूस कुशीवर आपटतो आणि खुबा मोडतो. एकदा मनगट असं मोडलं की पुढं दुसरं हाड मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो.

कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या गावाला वाटतं, हाडं मजबूतच असणार. पाळी थांबलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर म्हशीच्या दुधात साधारण ३०० मिळतं. नाचणीनं बरीच भर पडते. तरी विरळ झालेली जाळी नुसत्या दुधानं भरत नाही, तिथं औषध लागू शकतं.

आत्याची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, पुढं दिवाळीनंतर झाली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.३. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुमच्या आईचा खुबा मोडला होता का?”

मोडला होता. आजी त्यानंतर उंबऱ्याबाहेर आली नाही. मोडलेलं मनगट आणि आईचा खुबा, दोन्ही जमेस धरून आत्याला त्याच दिवशी औषध सुरू झालं.