लिंगभाव अर्थसंकल्प

शासनाच्या जमाखर्चाचा स्त्रिया आणि पुरुष यांच्यावर होणारा वेगवेगळा परिणाम तपासून त्यानुसार तरतुदी करण्याची पद्धत. मुंबई महानगरपालिकेच्या कारभारात तिला ‘जेंडर बजेट’ म्हणतात. स्त्रियांसाठी निराळा अर्थसंकल्प मांडणे असा याचा अर्थ नव्हे. आहे त्याच अर्थसंकल्पातला पैसा कोणाच्या वाट्याला येतो, हे यात पाहिले जाते.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९८४ मध्ये सुरू झाली. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पासोबत २००५–०६ पासून लिंगभाव विवरणपत्र मांडले जाते. त्याच्या पहिल्या भागात संपूर्णपणे स्त्रियांसाठी असलेल्या, तर दुसऱ्या भागात किमान ३० टक्के तरतूद स्त्रियांसाठी असलेल्या योजना येतात. ग्रामीण घरकुल योजना बरीच वर्षे पहिल्या भागात दाखवली गेली. घरात राहते सगळे कुटुंब, त्यामुळे विवरणपत्रातल्या बेरजा जपूनच वाचाव्या लागतात.

मुंबईत पालिकेच्या जेंडर बजेटमधून गरजू स्त्रियांना शिवणयंत्र, घरघंटी, मसाला कांडप यंत्र यांसाठी अर्थसाहाय्य मिळते. ही मदत उपयोगाची असली, तरी मुंबईतल्या बाईचा दिवस ज्या खर्चावर अवलंबून असतो तो पाणी, मलनिःसारण, पथदिवे, बस आणि दवाखाने यांच्या लेखाशीर्षांखाली असतो. वस्तीतल्या नळाला पहाटे तासभरच पाणी येत असेल, तर हंडे-कळशा भरायला कोणी उठायचे हे बहुतेक घरांत न बोलता ठरलेले असते, आणि तिचा तो तास पाणीपुरवठ्याच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७.

शौचालयांबाबत हा फरक उघड दिसतो. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या तक्रारीतून मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. बांधकामाचा भांडवली खर्च मंजूर झाला, तरी दाराची कडी, आतला दिवा, नळाचे पाणी आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची कचरापेटी या गोष्टी देखभालीच्या खर्चातून यायच्या असतात, आणि कात्री लागते ती बहुधा तिथेच.

राज्य शासनाने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करण्यास सुरुवात केली. पैसा थेट बाईच्या हाती पडतो, हे तिचे बलस्थान. सार्वजनिक नळ किंवा पाळणाघर मात्र एकट्या बाईला त्यातून उभे करता येत नाही. एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट लागते, पण ही सवलत लोकलला नाही.

अर्थसंकल्प स्त्रियांच्या श्रमावर बचतही करतो: अंगणवाडी सेविकांना सरकार वेतन देत नाही, ‘मानधन’ देते.