परिपाठाला आलेली चक्कर

सकाळचा परिपाठ सुरू आहे. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, बातम्या चालू आहेत. मैदानात ऊन चढायला लागलंय. मधल्या रांगेतली नववीतली एक मुलगी एकदम खाली बसते. दोघी मैत्रिणी तिला धरून व्हरांड्यात नेतात, कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करतं. बाई विचारतात, "सकाळी काही खाल्लंस का गं?" ती म्हणते, "चहा-चपाती." दहा मिनिटांनी ती वर्गात जाऊन बसते आणि विषय तिथंच संपतो. सातारा-सांगली जिल्ह्यांत, माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कुठल्याही माध्यमिक शाळेत विचारा, असा प्रसंग पाहिला नाही असे शिक्षक सापडणं अवघड.

तिला चक्कर का आली असेल? रक्तात लोह कमी असेल. पाळी चालू असेल. रात्री बाराला झोपून पहाटे साडेपाचला उठली असेल. घरात काहीतरी बिनसलं असेल आणि दोन दिवस जेवण जात नसेल. बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात. आपल्या आरोग्यसेवा मात्र वेगवेगळ्या खात्यांत विभागलेल्या आहेत. गोळी एकाकडं, समुपदेशन दुसऱ्याकडं, आणि झोप तर कुणाच्याच यादीत नाही.

सुरुवात लोहापासून करू, कारण त्याबद्दल विज्ञानाला बरंच नक्की माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. मुलांचा आकडा आपण विसरतो. या वयात उंची झपाट्यानं वाढते, स्नायू वाढतात, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, त्यामुळं मुलग्यांनाही लोह जास्त लागतं. मुलींच्या बाबतीत त्यात पाळीची भर पडते. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत तीस-चाळीस मिलिलीटर रक्त गेलं, तरी पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह दर महिन्याला शरीराबाहेर जातं. ज्यांना जास्त रक्तस्राव होतो त्यांचं नुकसान याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, आणि "सगळ्यांनाच होतं" म्हणून ते कुणी मोजत नाही.

लोह फक्त रक्त लाल ठेवण्यापुरतं नसतं. मेंदूत डोपामिन हे संदेश वाहणारं रसायन तयार होताना जे विकर (एन्झाइम) लागतं, ते लोहाशिवाय काम करत नाही. मज्जातंतूंवरचं आवरण बनायलाही लोह लागतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळकरी मुलींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. या मुलींना रक्तक्षय नव्हता, फक्त शरीरातला लोहाचा साठा कमी होता. तरीही गोळ्या घेतलेल्या मुली शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत पुढं गेल्या. "लक्ष लागत नाही" असा शेरा ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर येतो, त्यांच्यापैकी काहींचा प्रश्न इतका साधा असू शकतो.

सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी यासाठीच आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आठवड्यातून एकदाच का, असं पालक विचारतात. लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि पुढचा जवळपास एक दिवस आतडं लोह कमी शोषतं. शिवाय रोज गोळी घेतली की मळमळ, पोटदुखी वाढते आणि मुलं ती फेकून देतात. म्हणून रक्तक्षय टाळण्यासाठी आठवड्याची गोळी पुरेशी धरली आहे. पण ही प्रतिबंधाची मात्रा आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच नऊवर आहे, तिला डॉक्टरांनी ठरवून दिलेले उपचारच लागतात. शाळेत गोळी मिळते म्हणून तिच्या घरचे निर्धास्त राहिले, तर तिचे महिने वाया जातात. गोळी जेवल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं तर घाबरायचं कारण नाही, ते न शोषलेलं लोह असतं. जंत असतील तर गोळीचा फायदा कमी होतो, म्हणून वर्षातून दोनदा जंतनाशकही देतात.

आता त्या चहा-चपातीकडं येऊ. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला, तर डाळी-भाकरीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. उलट लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व ते वाढवतं. म्हणजे चहा तासभर पुढं ढकलणं आणि मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणं हा रक्तक्षयावरचा खराखुरा उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

बाजरीची गोष्ट तर आपल्या अंगणातली. जास्त लोह असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण महाराष्ट्रात पेरला जातो. त्याच्या भाकरीचा प्रयोग आपल्याच राज्यात, नगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींवर झाला. सहा महिने एका गटानं या बाजरीची भाकरी खाल्ली, दुसऱ्यानं नेहमीच्या बाजरीची. ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं त्यांचा साठा नव्या वाणामुळं लवकर भरून आला, आणि लक्ष व स्मृतीच्या चाचण्यांमध्येही ती मुलं पुढं राहिली. माण, खटाव, जत, कवठे महांकाळ या पट्ट्यात बाजरी नवीन नाही. ती पुन्हा डब्यात यायला काय हरकत आहे?

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. १९२४ साली इथं त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मूल शिकायचं तर आधी ते जेवलं पाहिजे, हे या मातीला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

झोपेचा विषय यापेक्षा दुर्लक्षित आहे. वयात येताना मेंदूतून मेलॅटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक स्रवायची वेळच पुढं सरकते. दहा वर्षांचं मूल नऊला पेंगायला लागतं, पण पंधरा वर्षांच्या मुलाला अकरापर्यंत झोप येत नाही. यात आळस नाही आणि वळण बिघडल्याचं लक्षणही नाही. मोबाईल हातात असला की ही वेळ आणखी लांबते, हेही तितकंच खरं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पण वाडीवरून पहिली एसटी पकडायची असेल, किंवा साडेसहाचा क्लास असेल, तर पाच-साडेपाचला उठावंच लागतं. हिशोब कसाही मांडला तरी दोन तास कमीच पडतात. राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं, तर उशिरा शाळा भरण्याची खरी गरज चौथीपेक्षा नववी-दहावीला आहे. त्याचा विचार अजून कुणी केलेला दिसत नाही.

आणि मग मन. आपल्याकडं चौदा वर्षांचा मुलगा "मला उदास वाटतंय" असं सांगत नाही. तो म्हणतो, पोट दुखतंय. ती म्हणते, डोकं दुखतंय. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत दळणवळण चालू असतं. ताण आला की ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, पचनाची गती बदलते, आणि एरवी जाणवली नसती अशी आतड्याची हालचाल दुखायला लागते. दर सोमवारी पोट दुखणारा मुलगा नाटक करत नसतो. त्याला खरोखर दुखत असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. पन्नास मुलांच्या वर्गात हे तीन-चार जण होतात.

आपल्या भागातल्या ताणांचं रूप वेगळं आहे. खानापूर-आटपाडीकडचे बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दूरच्या राज्यांत, जावळी-पाटणकडचे मुंबईत माथाडी. मुलं आजी-आजोबांकडं, आणि पालकसभेला आजी येते. कृष्णाकाठच्या मुलांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला २०२१ च्या जुलैत डोंगर खाली आला. जोराचा पाऊस सुरू झाला की ज्याच्या छातीत धडधडतं, तो मुलगा आज दहावीत किंवा अकरावीत असेल.

मदत मुळीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. दोन डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका. व्हरांड्यात वजनकाटा लागतो, भिंतीवर दृष्टितक्ता टांगला जातो, एक डोळा झाकून मुलं अक्षरं वाचतात, आणि फळा दिसत नसल्याचं कित्येकांना त्याच दिवशी कळतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रियादेखील या योजनेतून मोफत होते. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, तिथं समुपदेशक भेटतात. पण त्या क्लिनिकपर्यंत मूल जाणार कसं? ग्रामीण रुग्णालयाच्या दारात गावातलं कुणी ना कुणी भेटतंच. "काय गं, इकडं कुणीकडं?" एवढ्या एका प्रश्नाच्या धास्तीनं मुलगी परत फिरते. आणि पथकानं दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर तिची विचारपूस करायला शाळेत कुणी नसतं.

यावर उपाय म्हणून प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायची योजना २०२० पासून आहे. कल्पना चांगली आहे. पण बिहारमधल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल इथं फार महत्त्वाचा वाटतो. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांमध्ये नववीच्या मुलांसाठी 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, परिपाठात चर्चा, मुलांचे गट आणि ज्याला हवं त्याला एकट्यानं बोलायची सोय, असं त्याचं स्वरूप होतं. काही शाळांत तो स्थानिक समुपदेशकानं चालवला. हा माणूस डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता. काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकानं चालवला. उरलेल्या शाळांत नेहमीचाच जीवनकौशल्यांचा कार्यक्रम होता. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, उदासीची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि मारामारी घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

यात शिक्षकांचा कमीपणा मला दिसत नाही. ज्यांच्याकडं तास, पोर्टलवरच्या माहित्या, निवडणुकीची कामं आणि पोषण आहाराचा हिशोब आहे, त्यांनी आणखी एक काम कधी करायचं? आणि जे सर गणिताचे गुण देतात, त्यांना "घरी बाबा मारतात" हे सांगायला मूल कचरणारच. माझं स्पष्ट मत आहे की सातारा-सांगलीतल्या शाळांना आणखी एका तपासणी शिबिरापेक्षा असा एक माणूस हवा आहे. तीन-चार शाळांत मिळून एक चालेल, पण ठरल्या वारी, ठरल्या खोलीत तो बसला पाहिजे. समाजकार्य शिकलेली तरुण मुलं-मुली दोन्ही जिल्ह्यांत आहेत. गोळी घेतली का, चिठ्ठीचं काय झालं, झोप किती होते, पोट सोमवारीच का दुखतं, हे सगळं एकाच माणसानं विचारलं तर चित्र पूर्ण दिसतं.

त्या माणसानं पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगायला हवी. तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल, तर मला ते पुढं सांगावं लागेल. लैंगिक अत्याचाराची माहिती पुढं देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, बंधनकारक आहे. हे आधीच सांगितलेलं असलं की नंतर विश्वासघात झाला असं मुलाला वाटत नाही.

आणि दहावीच्या निकालाच्या आसपास एखादं मूल गप्प झालं, वस्तू वाटून टाकायला लागलं, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" असं बोललं, तर सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. त्या वेळी मुलाला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवावीत, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. मुलावर अत्याचार होत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत. सूचनाफलकापाशी उभं राहून ते उतरवून घेताना कुणीतरी पाहतं, स्वच्छतागृहात कुणी पाहत नाही.