संक्रांत उलटली तरी मुंबईत सूर्य उशिराच का उगवतो?

दरवर्षी १४ जानेवारीच्या आसपास तिळगुळाच्या शुभेच्छांबरोबर एक वाक्य हमखास फिरतं: ‘आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होणार.’ यात दोन चुका आहेत. पहिली आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. दिवस मोठा व्हायला २१-२२ डिसेंबरनंतर लगेच सुरुवात होते. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, मकरसंक्रांत त्या दिवसापासून सुमारे चोवीस दिवस पुढे सरकली आहे आणि साधारण सत्तर-बहात्तर वर्षांना आणखी एक दिवस सरकते.

दुसरी चूक खरी गंमतीची. दिवस मोठा होतो म्हणजे सूर्य लवकर उगवत असणार, असं आपण गृहीत धरतो. मुंबईचे आकडे पाहा. २२ डिसेंबरला सूर्योदय ७:०८ला, सूर्यास्त ६:०६ला. १४ जानेवारीला सूर्योदय ७:१५ला आणि सूर्यास्त ६:२१ला. दिवस सात-आठ मिनिटांनी वाढला, पण सकाळ सात मिनिटं उशिरा होऊ लागली. सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला गेली, तीही जवळजवळ दुप्पट. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो, सहाच्या ठोक्याला.

याचं कारण दिवसाच्या लांबीत नाही, दिवसाच्या मध्यात आहे. सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो क्षण म्हणजे माध्यान्ह. मुंबईत २२ डिसेंबरला तो १२:३७ला येतो आणि १४ जानेवारीला जवळपास १२:४८ला. अख्खा दिवसच घड्याळावर साडेदहा मिनिटं पुढे सरकला. दिवस वाढल्यामुळे सकाळ साडेतीन मिनिटं लवकर व्हायला हवी होती, पण माध्यान्ह साडेदहा मिनिटं उशिरा झालं. वजाबाकी करा, सात मिनिटं उशीर.

मग माध्यान्ह का सरकतं? इथे थोडं सावकाश जाऊ.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २४ तासांत नव्हे, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला तो एक अंश जास्त वळावं लागतं. एका अंशाला चार मिनिटं. हे ‘जास्तीचं वळणं’ सरासरी ३ मिनिटं ५६ सेकंदांचं आहे आणि त्यातून २४ तास पुरे होतात. पण ही सरासरी आहे. रोजचा आकडा दोन कारणांनी बदलतो.

पहिलं कारण कक्षेचा लंबवर्तुळाकार. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने धावते. जुलैच्या सुरुवातीला हाच वेग २९.३ असतो. जानेवारीत ती दिवसाला १.०१९ अंश पुढे जाते, सरासरी ०.९८६ आहे. फरक ०.०३३ अंशाचा, म्हणजे रोजचे आठ सेकंद.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात: आसाचा २३.४ अंशांचा कल. सूर्य ताऱ्यांमधून सरकतो तो क्रांतिवृत्तावरून, म्हणजे आकाशातल्या त्याच्या वार्षिक मार्गावरून. वेळ मात्र आपण विषुववृत्ताच्या दिशेने मोजतो, कारण पृथ्वी त्या दिशेने फिरते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य विषुववृत्ताला तिरका ओलांडतो. त्याच्या चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण सरकण्यात खर्च होतो आणि पूर्वेकडची प्रगती आठ टक्क्यांनी कमी पडते. डिसेंबर आणि जूनमध्ये चाल पूर्ण पूर्वेकडे असतेच, शिवाय सूर्य विषुववृत्तापासून दूर असतो. तिथे ध्रुवांकडे जाणाऱ्या रेखा जवळजवळ येतात, त्यामुळे तेवढ्याच चालीत तो जास्त रेखा ओलांडतो: १ भागिले कोज्या (कोसाइन) २३.४ अंश, म्हणजे १.०९ पट. ३ मिनिटं ५६ सेकंदांचे नऊ टक्के म्हणजे २१ सेकंद. डिसेंबरच्या अखेरीस हे २१ आणि कक्षेचे ८ एकाच बाजूला येतात. माध्यान्ह ते माध्यान्ह हा दिवस तेव्हा २४ तासांहून अर्ध्या मिनिटाने मोठा असतो. सप्टेंबरच्या मध्याला तोच २४ तासांहून २१ सेकंदांनी लहान भरतो.

हे सेकंद साठत जातात आणि साठलेल्या फरकाला कालसमीकरण म्हणतात. ३ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य सरासरीच्या साडेसोळा मिनिटं पुढे असतो, ११ फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटं मागे. मुंबईचं माध्यान्ह त्यामुळे १२:२२ आणि १२:५३ यांच्या दरम्यान हेलकावे खातं. घड्याळाच्या बाराला ते वर्षात एकदाही येत नाही.

हे गच्चीवर पडताळता येतं. डिसेंबर-जानेवारीचं स्वच्छ आकाश त्याला उत्तम. ३० सेंटिमीटरची सरळ काठी ओळंबा लावून उभी करा. बुंध्याभोवती खडूने वर्तुळ काढा, त्रिज्या माध्यान्हीच्या सावलीपेक्षा बरीच मोठी हवी. डिसेंबरात ती सावली सुमारे २७ सेंटिमीटर असते, म्हणून ४० ठेवा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खूण आणि दुपारी पुन्हा शिवतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणाऱ्या रेषेच्या मध्यातून बुंध्यापर्यंत रेघ ओढा, ती झाली उत्तर-दक्षिण. शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, ही रीत आपल्याकडे शुल्बसूत्रांपासून, वेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांपासून आहे. होकायंत्राच्या भरवशावर राहू नका. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या सुई ओढतात आणि रेघ एक अंश चुकली तर या दिवसांत माध्यान्ह तीन मिनिटांनी चुकतं. दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून टोक चार-पाच मिलिमीटर धूसर दिसतं आणि सावली मिनिटाला जेमतेम दीड मिलिमीटर सरकते. उपाय सोपा: काठीच्या टोकावर ३ मिलिमीटर भोकाचा पुठ्ठा बसवा आणि जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरा. मिनिटभराची अचूकता मिळते. दर आठवड्याला माध्यान्हीची वेळ नोंदवा, महिन्याभरात सरकणं स्पष्ट दिसेल. मे महिन्यात हा खटाटोप करू नका. १५ मेच्या सुमारास सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर येतो आणि सावलीच उरत नाही.

याच संदर्भात राहुकाळाबद्दल. सोमवारी साडेसात ते नऊ, हे ठरीव कोष्टक सूर्योदय सहाला आणि दिवस बारा तासांचा धरून केलेलं आहे. दिवसाचे आठ समान भाग आणि सोमवारी त्यातला दुसरा, या त्याच नियमाने १४ जानेवारीच्या मुंबईचं गणित मांडलं तर सोमवारचा राहुकाळ ८:३८ ते १०:०१ येतो. म्हणजे कोष्टक पाळणारा माणूस स्वतःचाच नियम तासाभराने मोडत असतो. राहू हा चंद्रमार्ग आणि क्रांतिवृत्त यांचा छेदनबिंदू. वारांशी आणि दिवसाच्या आठ भागांशी त्याचा काही संबंध नाही. या भीतीपायी कोणी दवाखान्यात जायला उशीर करू नये.

आता मुख्य प्रश्न. सूर्याचे दिवस लहानमोठे आहेत हे ठरवलं कोणी? डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६मध्ये लंबकाचं घड्याळ केलं आणि सूर्याशी त्याचा मेळ बसेना हे साध्या वापरातही दिसू लागलं. पण मग सूर्य चुकतोय की लंबक? न्यूटनने १६८७मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात निरपेक्ष काळ आणि व्यवहारातला काळ वेगळे केले, तेव्हा उदाहरण दिलं ते याच कालसमीकरणाचं: नैसर्गिक दिवस असमान असतात, खगोलज्ञ ते दुरुस्त करतात, म्हणजे समान वाहणारा काळ त्यांच्यामागे आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झला हे पटलं नाही; त्याच्या मते काळ म्हणजे घटनांचा क्रम, त्यापलीकडे वेगळी वस्तू नाही. १८९८मध्ये फ्रेंच गणिती प्वांकारेने नेमकं बोट ठेवलं: ज्या वेळेने मोजल्यावर निसर्गनियम सर्वांत सोपे होतात, ती आपण निवडतो. मला हेच उत्तर पटतं. सूर्याला समान मानायचं तर लंबक, गुरूचे चंद्र आणि ग्रह या सगळ्यांनी मिळून दर डिसेंबरात एकाच प्रमाणात चाल बदलली असं म्हणावं लागेल.

मुंबईने हा निवडीचा भाग रस्त्यावर अनुभवला आहे. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती शहराच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांनी निषेध केला आणि मुंबई टाइम, म्हणजे ती जुनी स्थानिक वेळ, शहरात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून होता.

पुढे पृथ्वीचं फिरणंही असमान निघालं. १९६७पासून सेकंद म्हणजे सीझियम-१३३ अणूतल्या विशिष्ट प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं. पृथ्वीशी मेळ राखायला १९७२पासून २७ वेळा एक सेकंद वाढवला. शेवटचा वाढला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ची पहाट होती, साडेपाचच्या ऐन आधी. ही प्रथा २०३५पर्यंत सोडण्याचा निर्णय झाला आहे.

सीझियमवरही वाद मिटत नाही. लोअर परळच्या एखाद्या टॉवरमध्ये २०० मीटर उंचीवर ठेवलेलं घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे ०.७ मायक्रोसेकंद पुढे जातं, कारण वर गुरुत्वाची पकड सैल आहे. दोन्ही घड्याळं बरोबरच असतात.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी नऊ द्रव्यांत काळाची गणना केली आणि त्याची लक्षणं सांगितली: आधीचं-नंतरचं, एकाच वेळी, उशिरा, लवकर. यातल्या ‘एकाच वेळी’ला १९०५मध्ये आइन्स्टाइनने धक्का दिला. मुंबई आणि नागपूर, हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. जमिनीवरच्या घड्याळांनुसार दोन्हीकडे एकाच क्षणी दिवा लागला. मुंबईहून नागपूरकडे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या हिशेबात नागपूरचा दिवा सुमारे दोन नॅनोसेकंद आधी लागला. उलट दिशेच्या विमानाच्या हिशेबात मुंबईचा. प्रकाशाला हे अंतर कापायला २.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे यातला कुठलाही दिवा दुसऱ्याचं कारण असूच शकत नाही. जिथे कारण पोहोचू शकतं, तिथे आधी-नंतरचा क्रम कोणत्याही विमानातून पाहिला तरी तोच राहतो.