पापणीच्या भरवशावर बसलेली लेन्स

चष्म्याच्या नंबरच्या चिठ्ठीवर तीन रकाने असतात. पहिला स्फेरिकल, म्हणजे साधा नंबर. तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. पुढचे दोन सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेपुरता जादा नंबर, आणि अ‍ॅक्सिस, म्हणजे तो कोणत्या दिशेने लावायचा त्याचा अंशांतला कोन. त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण चष्मा वापरणाऱ्याला बघावं लागत नाही. काच फ्रेममध्ये घट्ट बसवलेली, फ्रेम नाकाकानांवर टेकलेली. एकदा दुकानदाराने अ‍ॅक्सिस नीट लावला की चष्मा मोडेपर्यंत तो तसाच राहतो. घोडं अडतं ते चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावायची ठरवल्यावर. ही लेन्स गोल, मऊ आणि ओली. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्यावर ती तरंगते आणि पापणी मिटली की जरा हलते. तिने तसं हलायलाच हवं, नाहीतर तिच्याखालचे अश्रू बदलणार कसे? मग अशा हलत्या वस्तूने '१७० अंश' ही दिशा सांभाळायची तरी कशी?

'सिलिंडर नंबर असेल तर लेन्स लागत नाहीत' हे वाक्य आजही लग्नघरांपासून कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत ऐकू येतं. एके काळी त्यात तथ्य होतं. आता सकाळी लावायच्या आणि रात्री टाकून द्यायच्या एक दिवसाच्या लेन्ससुद्धा सिलिंडर नंबरात मिळतात. त्यांना टोरिक लेन्स म्हणतात.

आधी सिलिंडर नंबर येतो कुठून ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, पारपटलाला, बाक असतो आणि त्या बाकाची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर असते. डोळ्याची प्रकाश वाकवण्याची बहुतांश ताकद इथेच असते, सुमारे ४३ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक). समजा हा बाक आडव्या दिशेत ७.८ आणि उभ्या दिशेत ७.६ मिलिमीटर आहे. फरक अवघा ०.२ मिलिमीटरचा, पण एवढ्यानेही दोन दिशांच्या ताकदीत एक डायॉप्टरहून अधिक तफावत पडते. मग प्रकाश एका बिंदूत गोळा होतच नाही. उभ्या रेषा एका अंतरावर स्पष्ट होतात, आडव्या दुसऱ्या अंतरावर. पाटीवरचं अक्षर एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपटं फुटतात. यालाच अ‍ॅस्टिगमॅटिझम म्हणतात. थोड्याफार प्रमाणात तो बऱ्याच डोळ्यांत असतो आणि त्याला आजार म्हणण्याचं कारण नाही.

हा दोष पहिल्यांदा नीट मोजला तो थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८०१ साली, स्वतःच्याच डोळ्यात. दोष पारपटलाचा की आतल्या भिंगाचा हे ठरवण्यासाठी त्याने चक्क डोळा पाण्यात बुडवून पाहिलं. पाण्यात पारपटलाची ताकद जवळजवळ नाहीशी होते, तरी त्याचा दोष कायम राहिला. अर्थात त्याच्या बाबतीत दोषी होतं ते आतलं भिंग. पुढे केंब्रिजच्या जॉर्ज एअरीला आपला डावा डोळा वाचताना कामच करत नाही असं जाणवलं. कार्डाला पाडलेलं बारीक छिद्र त्याला एका अंतरावर एका दिशेची रेघ दिसे आणि दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनात जाणारी रेघ. या दोन अंतरांवरून त्याने आकडेमोड केली आणि एका बाजूने दंडगोल, दुसऱ्या बाजूने अंतर्गोल असं भिंग इप्सविचच्या चष्मेवाल्याकडून घासून घेतलं. साल १८२५. पुढे इंग्लंडचा राजखगोलज्ञ झालेल्या या माणसाने सोडवलेलं कोडं आज आपल्या चिठ्ठीवर दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात येऊन बसलं आहे.

कडक लेन्सच्या जमान्यात यातून एक सोपी पळवाट होती. कडक लेन्स स्वतःचा गोल आकार सोडत नाही. ती आणि वेडंवाकडं पारपटल यांच्यातली पोकळी अश्रू भरून काढतात. अश्रूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, पारपटलाच्या बराच जवळचा असल्याने पारपटलाच्या पुढच्या पृष्ठभागाचा दोष बव्हंशी झाकला जातो. लेन्स गरगर फिरली तरी बिघडत नाही. मऊ लेन्सला हे जमत नाही. ती पारपटलावर लपेटून बसते आणि खालचा बाक जसाच्या तसा वर उमटवते. त्यामुळे मऊ लेन्समध्ये सिलिंडर नंबर मुद्दाम घालावा लागतो, आणि तो घातला की दिशा आलीच.

ती दिशा चुकली तर काय होतं? त्याचं गणित चिमुकलं पण निर्दय आहे. लेन्स जितके अंश फिरली, त्या कोनाच्या साइनची दुप्पट इतका सिलिंडरचा हिस्सा दुरुस्त न होता उरतो. ५ अंश फिरली तर सुमारे १७ टक्के, १० अंश फिरली तर ३५ टक्के. ३० अंशांवर तर पूर्ण शंभर टक्के! तिथे टोरिक लेन्स लावणं आणि न लावणं यात सिलिंडरपुरता फरकच राहत नाही, उलट दोषाची दिशा तेवढी बदलते. म्हणून १.७५ सिलिंडरच्या माणसाची लेन्स १० अंश सरकली की त्याला ०.६ डायॉप्टरचा धूसरपणा जाणवतो, तर ०.७५ वाल्याला तेवढ्याच सरकण्याने फारसं काही वाटत नाही. सिलिंडर जितका मोठा, तितकी लेन्सची शिस्त कडक हवी.

ही शिस्त लावण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे लेन्सचा खालचा भाग जाड ठेवणं. जड भाग गुरुत्वाकर्षणाने खाली राहील, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण लेन्सचं वजन ते किती! तिला जागेवर ठेवण्याचं खरं काम वरची पापणी करते. कलिंगडाची ओली बी चिमटीत दाबली की ती जाड बाजूकडे सटकते ना, तेच इथे घडतं: पापणी खाली येताना लेन्सच्या पातळ भागावरून दाबत येते आणि जाड भाग तिच्यापासून दूर, खाली ढकलला जातो. तज्ज्ञही याला कलिंगडाच्या बीचं तत्त्वच म्हणतात. पापणी दर वेळी मिटताना हा दाब पुन्हा पडतो आणि भरकटलेली लेन्स वळणावर येते.

दुसऱ्या पद्धतीत लेन्स वर आणि खाली पातळ आणि दोन्ही बाजूंना जाड ठेवतात, म्हणजे दोन्ही पापण्या मिळून तिला दाबून आडवी ठेवतात. आणखी काही लेन्समध्ये कडेजवळ चार जाडसर पट्टे असतात. लेन्स फिरली तरच ते पापणीखाली येतात आणि पापणी त्यांना मागे सारते. या रचनेचा फायदा कुशीवर झोपून मोबाइल पाहणाऱ्यांना होतो. डोकं आडवं झालं की खालून जड असलेली लेन्स थोडी वळू शकते, कारण गुरुत्वाकर्षणाचा वाटा लहान असला तरी शून्य नसतो.

पापणी मिटते तीही काही सरळ वरून खाली नाही. मिटण्याची सुरुवात कानाकडच्या कोपऱ्यातून होते आणि ती नाकाकडे सरकत जाते. खालची पापणी तर जवळपास आडवीच, नाकाच्या दिशेने सरकते. त्यामुळे पुष्कळ डोळ्यांत लेन्सचा तळ थोडा नाकाकडे झुकून स्थिरावतो. तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट हेच पाहतो. लेन्सच्या कडेला, सहाच्या काट्यावर किंवा तीन आणि नऊच्या काट्यांवर, लेसरने कोरलेली केसासारखी रेघ असते. स्लिट लँप, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं दिव्याचं यंत्र, त्याच्या उजेडात ती दिसते. लेन्स लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग खालची रेघ कुठे गेली ते बघायचं. तपासणाऱ्याच्या डावीकडे १० अंश गेली असेल तर अ‍ॅक्सिसमध्ये १० मिळवायचे, उजवीकडे गेली असेल तर वजा करायचे. पुढची लेन्स त्या हिशोबाने मागवली की ती तितकीच झुकून बसेल, पण तिचा सिलिंडर बरोबर जागी येईल. लेन्स झुकून बसते म्हणून घाबरू नये; दर वेळी ती वेगळीकडेच बसत असेल तर मात्र ती रचना त्या डोळ्याला मानवत नाही आणि दुसरी बघावी. नुसता चष्म्याचा नंबर टाइप करून ऑनलाइन टोरिक लेन्स मागवणाऱ्यांची ही पायरीच गळते. साध्या नंबरात हे एक वेळ खपून जातं, टोरिकमध्ये नाही.

शिवाय चष्म्याचा आणि लेन्सचा नंबर एकच असेल असंही नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स थेट डोळ्यावर. चष्म्याचा नंबर उणे ६, सिलिंडर उणे २ असेल तर गणिताने लेन्स येते उणे ५.६० आणि सिलिंडर उणे १.७०; प्रत्यक्षात मिळते ५.५० ला १.७५ जोडलेली. 'माझा नंबर कमी करून दिला' ही तक्रार इथून निघते.

हे आकडे इतके ठोकळेबाज का? चष्म्याची काच एकेका माणसासाठी पाव डायॉप्टर आणि एकेका अंशाच्या हिशोबाने बनते. एक दिवसाची टोरिक मात्र लाखोंच्या संख्येने बनते आणि प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक अ‍ॅक्सिस हा वेगळा माल होतो. म्हणून सिलिंडर साधारण ०.७५, १.२५, १.७५ असे, काही कंपन्यांत २.२५ किंवा २.७५ पर्यंत, आणि अ‍ॅक्सिस बहुधा दहा-दहा अंशांच्या टप्प्यांनी. मऊ लेन्सचा जनक ओटो व्हिख्टर्ले याने १९६१ च्या नाताळात प्रागमधल्या घरी मुलांच्या जोडणी-खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून पहिलं यंत्र उभं केलं. त्यात साचा गरगर फिरे आणि द्रव आपोआप लेन्सचा आकार घेई. पण फिरत्या साच्यातून निघालेल्या लेन्सला वर-खाली कुठून असणार? आजची टोरिक दोन साच्यांच्या मध्ये ओतली जाते: एका साच्यावर सिलिंडरचा आकार, दुसऱ्यावर जाड-पातळ भाग. एक साचा दुसऱ्याच्या तुलनेत किती फिरवला, त्यावर अ‍ॅक्सिस ठरतो.

वापरणाऱ्यांची नेहमीची एक गंमत सांगायला हवी. माणसाचे दोन डोळे बहुधा आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. उजव्याचा अ‍ॅक्सिस १० असेल तर डाव्याचा १७० असण्याची शक्यता बरीच. आता दोन्हींचे साधे नंबर सारखेच आहेत, म्हणून कुणी सकाळच्या घाईत डावी लेन्स उजवीकडे लावली, तर अ‍ॅक्सिस २० अंशांनी चुकला. वरच्या गणिताने ६८ टक्के सिलिंडर तसाच राहिला. दिवसभर डोकं चढतं आणि दोष लेन्सच्या कंपनीला जातो.

पापणीवर इतकं सगळं अवलंबून असल्याने पापणी मिटतच नसेल तर? निवांत बसलेला माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि मिटल्या तरी पापण्या बऱ्याचदा अर्ध्याच मिटतात. एसीच्या ऑफिसात लेन्स कोरडी पडते आणि तिला वळणावर आणणारा दाबही कमी पडतो. संध्याकाळी पाचला अक्षरं विरघळू लागली तर लगेच नंबर वाढल्याची शंका घेऊ नका. चार-पाचदा पूर्ण डोळे मिटा, आणि दिसणं सुधारलं तर दोष कोरडेपणाचा किंवा फिरण्याचा. जाड भागातून ऑक्सिजनही कमी जातो. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, ते उघड्या डोळ्याने हवेतूनच ऑक्सिजन घेतं. म्हणून टोरिक घेताना सिलिकॉन हायड्रोजेलची, म्हणजे ऑक्सिजन जास्त जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची, घेणं बरं. थोडी महाग पडते, पण माझ्या मते पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे.

पैसे वाचवायला एक दिवसाची लेन्स धुऊन दुसऱ्या दिवशी लावणं हा तर शुद्ध आत्मघात. या लेन्सची सगळी भिस्त 'रोज कोरी' यावरच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयाच्या अभ्यासात, पुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांना अकँथअमीबा या जंतूमुळे होणाऱ्या पारपटलाच्या संसर्गाचा धोका एक दिवसाच्या लेन्सवाल्यांपेक्षा जवळपास चौपट आढळला. एक दिवसाच्या लेन्स पुन्हा वापरणं, लेन्स घालून झोपणं आणि शॉवर घेणं यांनीही धोका वाढतो असं त्यातच दिसलं. हा अमीबा नळाच्या पाण्यात, मातीत, सगळीकडे असतो. भारतात तर लेन्स कधी न लावलेल्यांनाही, डोळ्यात माती किंवा घाण पाणी जाऊन, तो गाठतो. शेतात राबणारे त्यात बरेच. तेव्हा लेन्सला नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, हात धुऊन कोरडे करायचे, पोहायला जाताना आणि होळीच्या दिवशी चष्मा लावायचा. पावसाळ्यात डोळे आले की लेन्स बंद. वापरलेली लेन्स बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नये, कचऱ्यात टाकावी. ती प्लॅस्टिक आहे, पाण्यात विरत नाही, तिचे तुकडे होतात आणि ते सांडपाण्याच्या गाळातून पुढे जातात.

सिलिंडर अर्ध्या डायॉप्टरचा असेल तर टोरिकच्या भानगडीत पडायची सहसा गरज नसते. सिलिंडरचा निम्मा भाग साध्या नंबरात मिळवून साधी लेन्स दिली तरी बहुतेकांचं भागतं. पाऊण डायॉप्टरला मात्र दोन्ही लावून पाहावं. रात्री गाडी चालवणाऱ्याला फरक लगेच कळतो.

आणि एक गट असा आहे ज्याला या लेन्स लावून उपयोग नाही. वयाच्या पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी वाढतोय, अ‍ॅक्सिस बदलतोय, चष्मा बदलूनही दिसणं सुधारत नाही आणि डोळे चोळायची सवय आहे, तर पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येत असण्याची शक्यता असते. याला केरॅटोकोनस म्हणतात. यात बाक दोनच दिशांत वेगळा नसतो, जागोजागी वेगळा असतो. टोरिक लेन्सचं सगळं गणित दोन दिशांचं, त्यामुळे ती इथे हतबल ठरते. अशा वेळी लेन्सच्या दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून पारपटलाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या बाकाचा नकाशा, करून घ्यावी. आजार वाढता असेल तर कोलॅजन क्रॉसलिंकिंगने, म्हणजे पारपटलाचे तंतू घट्ट करणाऱ्या उपचाराने, तो थोपवता येतो, आणि दिसण्यासाठी पुन्हा तीच जुनी कडक लेन्स कामी येते.