पन्हाळ्याचा मुलूख आणि सेनापतीची कसोटी

जुलै लागला की पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे मोहिमा निघतात. कोल्हापूरची पोरं चिखल तुडवत, पाऊस अंगावर घेत ती वाट चालतात. मोठा सेनापती कुणाला म्हणायचं, हा प्रश्न या वाटेइतका नीट क्वचितच कुठं उलगडतो. या मुलखात विजयही झाले, माघारीही झाल्या, आणि सेनापती खरा कळतो तो माघारीत, असं माझं ठाम मत आहे.

१० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान पडला. शिवाजी महाराज तिथं थांबले नाहीत. २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला आणि महिन्याभरात, २८ डिसेंबरला, कोल्हापूरजवळच्या उघड्या मैदानात रुस्तुमजमान आणि फाजलखान या आदिलशाही सरदारांच्या फौजेचा पराभव केला. शत्रू सावरण्याआधीच पुढचा घाव, ही त्यांची पद्धत. पण मार्च १६६० पासून पन्हाळ्याला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा ही चपळाई उपयोगाची राहिली नाही. जौहर चिवट होता, पावसातही हटला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली. बाहेरून वेढा फोडायचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला. त्यातच मे महिन्यात मुघलांचा शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. एकाच वेळी दोन बलाढ्य फौजा अंगावर होत्या.

इथं महाराजांनी पन्हाळा सोडायचं ठरवलं. आधी शरणागतीची बोलणी लावून वेढा ढिला पाडला आणि जुलैच्या मध्यात भर पावसात रात्री गड सोडून विशाळगडाची वाट धरली. दुसऱ्या पालखीत बसून गेलेल्या शिवा काशीदांनी शत्रूला चकवलं, घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांनी पाठलाग अडवून धरला. तिकडं विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसलेले, ते कापून वर जावं लागलं. त्या खिंडीत पडलेल्यांचं मोल शब्दांत सांगता येत नाही. पण त्यांचं मरण सार्थकी लागलं, कारण ते कशासाठी होतं हे आधी ठरलेलं होतं. सप्टेंबरात पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकला, एक आघाडी मिटवली. पुढं मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी ६० माणसांनिशी तोच गड रात्रीत परत आणला.

हीच वाट ४२ वर्षांनी औरंगजेबाच्या वाट्याला आली, तीही उलट दिशेनं. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड त्याच्या हाती आला, तोही किल्लेदाराला पैसे मोजून. मग पावसात पन्हाळ्याकडे परतताना त्याच्या अफाट लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांच्या पुरात जनावरं, तंबू, सामान वाहून गेलं. समोर कुणी फौज उभी नव्हती. महाराणी ताराबाईंच्या धोरणाचं हे यश. गड पावसाळ्यापर्यंत झुंजवायचा, मग मोबदला घेऊन सोडायचा, आणि बादशहा पुढं सरकला की परत घ्यायचा. १७०१ मध्ये गेलेला पन्हाळा १७०५ मध्ये मराठ्यांकडे परत आला. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज बघणाऱ्या आपल्याला त्यांची तलवार आठवते. त्यांचा हा हिशेबही तितकाच आठवावा.

प्रतापराव गुजरांबद्दल लिहिताना मन जड होतं. साल्हेर जिंकणाऱ्यांत ते होते. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीला त्यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणीच तोडलं, तहानेनं फौज टेकीला आणली. सेनापती म्हणून हे अव्वल काम. पण दया येऊन त्यांनी खानाला जाऊ दिलं. खान पुन्हा उलटला, महाराज संतापले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. गडहिंग्लज भागातला माणूस आजही त्या जागी हात जोडतो, मीही जोडतो. तरी त्या दिवशी स्वराज्याचा सरनोबत, म्हणजे सरसेनापती, गेला आणि खान तसाच राहिला. उमराणीत ते मला मोठे सेनापती दिसतात, नेसरीत मोठे वीर. सैन्य विस्कटलं नाही, कारण आनंदरावांनी ते लगेच सांभाळलं आणि पुढं हंबीरराव मोहिते सरनोबत झाले.

राहिले कापशीकर संताजी घोरपडे. फौजेचे भाग पाडून एकानं सामानसुमान लुटायचं, दुसऱ्यानं झुंजायचं आणि तिसरा राखीव ठेवायचा, या रीतीनं त्यांनी १६९५ मध्ये मुघल सरदार कासीमखानाला दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडून उपाशी पाडलं. पुढच्याच जानेवारीत हिंमतखान मारला. मुघल सरदार त्यांचं नाव ऐकून हादरत. पण संताजींची शिस्त फार कडक होती, धनाजी जाधवांशी आणि राजाराम महाराजांशीही बेबनाव झाला. फौज हळूहळू धनाजींकडे वळली. जून १६९७ मध्ये एकट्यादुकट्या अवस्थेत नागोजी मान्यानं त्यांना गाठून मारलं. रणातलं डावपेचाचं ज्ञान त्यांच्याइतकं त्या काळात दुसऱ्या कुणाकडे नसेल, पण स्वतःची माणसं जोडून ठेवणं त्यांना जमलं नाही, आणि त्याची किंमत ऐन झुंजीच्या काळात स्वराज्यानं मोजली.