कॉमन रायडिंग

इंग्लंडला लागून असलेल्या दक्षिण स्कॉटलंडमधील गावांत दर उन्हाळ्यात घोड्यांवरून गावची शीव फिरून येण्याचा उत्सव. ‘कॉमन’ म्हणजे गावाची सामाईक जमीन, आपल्या भाषेत गायरान. हॉइक, सेलकर्क, लँगहोम आणि लॉडर या गावांची परंपरा जुनी. गॅलशील्सने आपला उत्सव १९३० मध्ये सुरू केला.

मुळात हे काम होते, सण नव्हे. सनदेने मिळालेल्या जमिनीवर गावाची गुरे चरत, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणली जाई. भरवशाचे नकाशे नसत आणि शेजारचे जमीनदार हद्द रेटायला टपलेले असत. म्हणून ठरल्या दिवशी जथ्याने जाऊन शीव डोळ्यांखालून घालायची. हा धोका खरा होता. १५४१ मध्ये सेलकर्कचा नगरप्रमुख जॉन मुथाग आणि त्याचा सहकारी जेम्स कीन गायरानाची कैफियत घेऊन एडिंबरोला निघाले असता वाटेतच मारले गेले.

मिरवणुकीच्या अग्रभागी गावाचा झेंडा घेतलेला तरुण असतो. हॉइकमध्ये त्याला ‘कॉर्नेट’ म्हणतात आणि तो अविवाहित असावा लागतो. १५१४ मध्ये हॉइकजवळच्या हॉर्नशोल येथे गावच्या पोरांनी इंग्रज टोळीचा झेंडा हिसकावून आणला, अशी तिथली आठवण आहे. याच गावात १९९६ मध्ये स्त्रियांनी घोडदौडीत भाग घेतल्यावर कडवा वाद झाला. गाव सगळ्यांचे, तर शीवही सगळ्यांनी फिरावी, हे मान्य व्हायला इतका उशीर लागावा, हे खटकतेच.

सर्वांत हृदयस्पर्शी सोहळा सेलकर्कचा. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि त्याचे हजारो सैनिक पडले. दंतकथा सांगते की सेलकर्कहून ऐंशी जण गेले आणि फ्लेचर नावाचा एकटाच परतला. बायका-पोरे वाट पाहत उभी होती. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने इंग्रजांकडून हिसकावलेला झेंडा डोक्याभोवती फिरवून खाली टाकला. सगळे समजून चुकले. जूनमध्ये स्वार शिवेवरून परतले की बाजारचौकात झेंडेकरी बँडच्या तालावर एकामागून एक झेंडे फिरवतात. माजी सैनिकांचा झेंडा शेवटी खाली झुकतो, तेव्हा गच्च भरलेला चौक दोन मिनिटे चिडीचूप होतो.

लँगहोमची हद्द १७५९ च्या न्यायनिवाड्याने ठरली. तिथे जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी मिरवणुकीत थिसल नावाचे मोठे काटेरी रोप, फुलांचा मुकुट आणि लाकडी ताटावर खिळ्याने ठोकलेली जवाची भाकरी व खारवलेला हेरिंग मासा उंच धरून नेतात. मुलांच्या हाती हेदर झुडपाच्या केरसुण्या असतात. सोबत एक फावडेही असते, शिवेवरच्या खुणा नव्याने खणण्यासाठी.